घरचें वीजघर

विजेचा दिवा मनुष्याच्या घरांत आला तो रस्त्यावरच्या खांबावरून, तारेच्या वाटेनें आला, अशी सामान्य समजूत आहे. ती खरी नाहीं. अगदीं पहिल्या कांहीं श्रीमंत घरांत हा दिवा लागला तेव्हां रस्त्यावर खांबही नव्हते आणि ताराही नव्हत्या. ज्यास दिवा हवा असेल त्यानें आपलें वीजघर आपल्याच आवारांत उभारावें, आपल्याच माणसाकडून तें चालवून घ्यावें, आणि त्याचा धूर, त्याची धडधड व त्याचा खर्च हींही आपलींच समजावीं, असा तो काळ होता. आज वीज गेली म्हणजे दोरी ओढून जें लहानसें जनित्र सुरू करण्यांत येतें, तें नव्या युगाची सोय म्हणून ओळखलें जातें. वास्तविक तें विजेच्या इतिहासांतील सर्वांत जुन्या घराण्याचें वंशज आहे. आणि वाडवडिलांचे बहुतेक गुणदोष त्याच्या अंगीं उतरले आहेत.

या घराण्याच्या मूळपुरुषांपैकीं एकाची हकीकत सुदैवानें तपशीलवार उपलब्ध आहे. न्यूयॉर्क शहरांत मॅडिसन ॲव्हेन्यूवरील २१९ क्रमांकाच्या घरांत जे. पिअरपॉन्ट मॉर्गन हा प्रसिद्ध पेढीवाला राहत असे. एडिसनच्या उद्योगास भांडवल पुरविणारांत त्याची पेढी प्रमुख होती, आणि १८८२ सालीं त्यानें आपल्या राहत्या घरांत एडिसनच्या पद्धतीचे दिवे बसवून घेतले. शहरांतील एडिसनचें पर्ल स्ट्रीटवरील वीजघर त्याच वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं सुरू झालें खरें. परंतु त्याच्या तारा शहराच्या दक्षिण टोकाच्या एका लहानशा भागापलीकडे जात नव्हत्या. मॉर्गनचें घर त्या तारांच्या टप्प्याबाहेर होतें. तेव्हां घरामागच्या तबेल्याखालीं एक तळघर खणण्यांत आलें. त्यांत बॉयलर, वाफेचें इंजिन आणि डायनामो यांची स्थापना झाली, आणि आवाराखालून भुयार काढून तारा घरांत नेण्यांत आल्या.

मॉर्गनच्या जांवयानें पुढें आपल्या सासऱ्याचें जें चरित्र लिहिलें, त्यांत या वीजघराचा नित्यक्रम दिलेला आहे. रोज दुपारीं तीन वाजतां एक जाणता इंजिनिअर यावयाचा आणि वाफ तयार करावयास लागावयाचा. म्हणजे हिंवाळ्यांतील लवकर पडणाऱ्या संध्याकाळीं चारच्या पुढें केव्हांही दिवे लावतां येत. रात्रीं अकरा वाजले कीं त्याची नोकरी संपे आणि इंजिन बंद होई. घरांत पाहुणे असले, गप्पा रंगल्या, आणि घड्याळाकडे पाहण्याचें भान कोणास राहिलें नाहीं, कीं एकाएकीं साऱ्या घरांत काळोख पसरे. अमेरिकेंतील सर्वांत बलाढ्य सावकारास आपल्या दिवाणखान्यांत पहिलें भारनियमन सोसावें लागलें तें असें.

शेजाऱ्यांचा त्रास निराळाच होता. शेजारच्या ब्राउन नांवाच्या बाईंनीं तक्रार केली कीं, या यंत्राच्या धक्क्यांनीं आपलें घर हादरतें. शिवाय त्याच्या धुरानें व वाफांनीं आपलीं चांदीचीं भांडीं काळवंडतात. मॉर्गननें यंत्राखालीं रबराच्या जाड गाद्या घातल्या, तळघराच्या भिंतींस वाळूचीं पोतीं लावलीं, धूर दुसरीकडून काढला. तेवढ्यानें शांतता व्हावी तर तसेंही झालें नाहीं. हिंवाळ्यांत भुयारावरची जमीन उबदार राही. त्या पट्ट्यावर आसपासचीं सारीं भटकीं मांजरें रात्रीं येऊन बसत, आणि त्यांच्या ओरडण्याबद्दल नव्यानें तक्रारी सुरू होत. घरांतही सर्व कुशल होतें असें नाहीं. एकदां मॉर्गनच्या अभ्यासिकेंत तारेचा दोष होऊन त्याचें टेबल व खालचा गालिचा जळाला. पैसा गुंतविलेला असल्यामुळें म्हणा, किंवा मूळचा स्वभाव हट्टी म्हणून म्हणा, त्यानें दिवे मात्र काढले नाहींत.

सगळ्यांचाच धीर इतका पक्का नव्हता. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील विल्यम व्हँडरबिल्ट यांच्या नव्या प्रासादांत असेंच वीजघर बसविलें होतें. भिंतीवरच्या कागदांत धातूचे बारीक धागे विणलेले होते. तारांचा व त्यांचा संबंध येऊन कागद धुमसूं लागला. वीज तत्काळ बंद करण्यांत आली आणि आग विझली. परंतु ही वीज येते कोठून अशी चौकशी करतां घराच्या तळघरांत बॉयलर आहे हें व्हँडरबिल्टबाईंस प्रथमच समजलें, आणि बॉयलरच्या डोक्यावर आपण राहणार नाहीं असें त्यांनीं निक्षून सांगितलें. सारें यंत्र उचलून न्यावें लागलें. ही गोष्ट स्वतः एडिसन पुढें सांगत असे. ती सांगतांना ऐकणारे हंसत असत. पण बाईंचा आक्षेप अगदींच अनाठायीं होता असें आज म्हणतां येत नाहीं.

अशीं स्वतंत्र वीजघरें हॉटेलें, गिरण्या, नाटकगृहें आणि धनिकांचीं घरें यांत बरींच बसलीं. पुढच्या वीस-तीस वर्षांत शहरांतून तीं मागें पडलीं, याचें कारण धूर किंवा मांजरें नव्हे; त्याचें कारण हिशेब होय. एका घराला रात्रीं जेवणाच्या वेळीं वीस दिवे लागतात, म्हणून त्याचें यंत्र वीस दिव्यांचें असावें लागतें. परंतु दिवसाचे बहुतेक तास तें यंत्र दोन दिव्यांसाठीं किंवा फुकटच राबतें. शंभर घरें एका तारेवर आलीं तर सर्वांचे वीसही दिवे एकाच क्षणीं कधीं लागत नाहींत. एकाचें घर निजतें तेव्हां दुसऱ्याची गिरणी जागी असते. त्यामुळें शंभर घरांच्या एकत्र वीजघरास शंभर यंत्रांची शक्ति लागत नाहीं, बरीच कमी पुरते, आणि जें असतें तें सतत कामांत राहतें. मुंबईस १९०५ सालीं ट्राम कंपनीचा वीजपुरवठा सुरू झाला, १९१५ पासून खोपोलीची टाटांची जलविद्युत् गिरण्यांस मिळूं लागली. तेव्हां मुंबईकर गृहस्थास आपल्या तळघरांत डायनामो बसविण्याचा प्रसंगच आला नाहीं.

परंतु हा हिशेब शेतावरच्या एकाकी घरास लागू पडत नव्हता. अमेरिकेसारख्या देशांत १९३५ च्या सुमारासही दहा शेतघरांपैकीं नवांस तारेची वीज नव्हती. दोन घरांमध्यें मैलमैल अंतर. तेवढ्यासाठीं खांब कोण रोवणार? या घरांस वीज दिली ती चार्ल्स केटरिंग या गृहस्थानें. त्याचा जन्म १८७६ सालीं ओहायो राज्यांतील लाउडनव्हिल गांवाजवळच्या शेतावर झाला होता. डोळ्यांच्या दुखण्यामुळें त्यास महाविद्यालयीन शिक्षण मध्येंच सोडावें लागलें होतें, आणि कंदिलाच्या उजेडाचा अनुभव त्यास पुस्तकांतून घ्यावा लागला नव्हता. मोटारगाडीचें इंजिन हातानें फिरवून सुरू करण्याचा धोका त्यानें नाहींसा केला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत त्याची योजना प्रथम बसली. त्या योजनेंत एकच विद्युत्‌यंत्र दोन कामें करी: बॅटरींतून वीज घेऊन तें इंजिनास फिरवी, आणि इंजिन चालू झालें कीं उलट तेंच बॅटरी भरूं लागे. हीच कल्पना मोटारींतून उचलून घरांत आणून ठेवली म्हणजे काय होतें, तें १९१६ सालीं डेटन शहरांतून विक्रीस निघालेल्या ‘डेल्को-लाईट’ या यंत्रानें दाखविलें.

या यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण घरगुती जनित्राच्या निवडीचें मर्म तींत सांपडतें. हवेनें थंड होणारें एका सिलिंडरचें इंजिन, त्याच्याच दांड्यावर बसविलेला डायनामो, आणि शेजारीं मांडणीवर कांचेचीं सोळा भांडीं. प्रत्येक भांड्यांत गंधकाम्ल व शिशाचे पत्रे. प्रत्येक भांडें दोन व्होल्टांचें, म्हणून एकूण दाब बत्तीस व्होल्ट. रॉकेलवर चालणारें तें इंजिन दिवसभर चालविण्याची जरुरीच नव्हती. कपडे धुवावयाचे असतील, पाणी उपसावयाचें असेल, त्या वेळीं तें लावावें. कामही व्हावें आणि उरलेल्या शक्तीनें भांडींही भरावींत. मग तें बंद करावें. रात्रीं बाळ रडलें तर दिवा लागे तो भांड्यांतील सांठ्यावर, इंजिनाचा आवाज न होतां. थोडक्यांत, इंजिनास काम द्यावयाचें तेव्हां पोटभर द्यावयाचें, आणि किरकोळ कामासाठीं त्यास उठवावयाचें नाहीं.

या यंत्राचे विक्रेते संध्याकाळच्या वेळीं शेतावर जात, मोटारींत आणलेलें यंत्र सुरू करून स्वयंपाकघरांत एक दिवा लावून दाखवीत. आणि त्या घरांतील गृहिणीकडे पाहिलें म्हणजे पुढें बोलण्याची फारशी जरूर पडत नसे. लाखाहून अधिक घरांत हीं यंत्रें गेलीं. त्यांचा दोष म्हणजे बत्तीस व्होल्टांचा कमी दाब. दाब कमी म्हणून प्रवाह मोठा, आणि प्रवाह मोठा म्हणून तारा जाड. गोठा घरापासून लांब असला तर तेथें दिवा मिणमिणे. कोलर या विस्कॉन्सिनमधील कारखान्यानें १९२० पासून दुसरा मार्ग धरला. त्याचें यंत्र थेट ११० व्होल्टांची वीज देई, त्यास मोठ्या बॅटरीचा सांठा लागत नसे, आणि घरांत कोणीही दिव्याची कळ दाबली कीं इंजिन आपोआप सुरू होई. सोय मोठी खरी. परंतु एका दिव्यासाठींही इंजिन जागें होणार हें त्यांत आलेंच. सांठा कीं इंजिन, हा वाद तेव्हांपासून चालू आहे, आणि तो अद्याप मिटलेला नाहीं.

११ मे १९३५ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ग्रामीण विद्युतीकरणाचें स्वतंत्र खातें निर्माण केलें, आणि पुढच्या वीस वर्षांत तारा बहुतेक शेतांपर्यंत पोंचल्या. बत्तीस व्होल्टांच्या इस्त्र्या, पंप आणि कपडे धुण्याचीं यंत्रें एका दिवसांत निरुपयोगी झालीं. कांचेच्या भांड्यांत कांहीं घरांनीं लोणचीं घातलीं असतील तर नवल नाहीं.

महाराष्ट्रांत घरचें वीजघर या अर्थानें फारसें रुजलें नाहीं. येथें ‘इंजिन’ आलें तें शेतीच्या व धंद्याच्या मार्गानें. विहिरीवरचें पाणी, पिठाची गिरणी, जत्रेंत तंबू ठोकणाऱ्या फिरत्या सिनेमाचा डायनामो, हीं त्याचीं ठिकाणें. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाल्यावर देशी डिझेल इंजिन सर्वत्र दिसूं लागलें. त्यास हातानें उचलून नेण्याची गोष्टच नव्हती. हातांत धरून नेण्याजोगें जनित्र हें निराळ्या परंपरेंतलें. अशीं हलकीं यंत्रें करण्याचे प्रयत्न पहिल्या महायुद्धानंतरच सुरू झाले होते, आणि १९६५ सालीं जपानच्या होंडा कंपनीनें ३०० वॉटचें ‘ई-३००’ हें जनित्र काढल्यावर तें सामान्य गिऱ्हाइकाच्या टप्प्यांत आलें.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं ९ नोव्हेंबरला संध्याकाळीं अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारांत बुडाला. नायगाऱ्याजवळच्या एका वीजकेंद्रांतील एक संरक्षक रिले फार कमी भारावर लावलेला होता. त्यानें एक तार तोडली, तिचा भार इतर तारांवर पडला, त्याही तुटल्या, आणि कांहीं मिनिटांत सुमारे तीन कोटि लोकांची वीज गेली. ज्या एकत्रीकरणानें वीज स्वस्त केली, त्याच एकत्रीकरणानें एका ठिकाणची चूक शेंकडों मैल पोंचविली. मॉर्गनच्या घरीं अकरा वाजतां काळोख होई तो त्याच्याच घरापुरता; येथें सारें न्यूयॉर्क काळोखांत होतें. घरचें वीजघर शहरांत परत आलें तें या नव्या भीतीमुळें. मात्र आतां तें धनी म्हणून नव्हे, तर बदली कामगार म्हणून आलें.

भारतांत हा बदली कामगार १९८० नंतरच्या दशकांत दिसूं लागला. १९८५ सालीं स्थापन झालेल्या श्रीराम होंडा कंपनीचीं लहान जनित्रें दुकानांच्या पायऱ्यांवर, दवाखान्यांच्या दारांत, लग्नाच्या मांडवामागें धडधडूं लागलीं. पेट्रोलवर सुरू करून इंजिन तापलें कीं रॉकेलवर न्यावयाचें, ही खुबी त्या काळच्या प्रत्येक दुकानदारास अवगत होती. २००५ नंतर महाराष्ट्रांत भारनियमनानें कहर केला. त्या वेळीं पुण्यानें जी तोड काढली ती या इतिहासांत नोंदण्यासारखी आहे. शहरास सुमारे ९० मेगावॉट वीज कमी पडत होती, आणि तेथील कारखान्यांपाशीं स्वतःचीं जनित्रें पडून होतीं. २००६ सालीं असें ठरलें कीं, मागणीच्या ऐन वेळीं कारखान्यांनीं आपलीं जनित्रें चालवावींत, त्यांच्या वांट्याची वीज शहरास मिळावी, आणि डिझेलचा जादा खर्च वीजग्राहकांनीं सोसावा. स्वतंत्र यंत्रें एकत्र जोडून एडिसननें मिळविलेला लाभ पुण्यानें पुन्हां, उलट्या दिशेनें मिळविला.

पुढें भारनियमन ओसरलें. तरी १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज एकाएकीं जाऊन लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या, तेव्हां घरच्या जनित्राची चौकशी पुन्हां सुरू झाली. या चौकशींत पहिला प्रश्न बहुधा चुकीचा असतो. ‘मोठ्यांत मोठें कोणतें?’ असें विचारलें जातें. विचारावयाचें असतें तें ‘किती पुरे?’ असें. समजा, एका घरांत नऊ वॉटचे दहा दिवे, सत्तर वॉटचे चार पंखे, शंभर वॉटचा दूरदर्शन संच, आणि दीडशें वॉटवर चालणारें शीतकपाट आहे. बेरीज होते ६२० वॉट. पण शीतकपाटांतील मोटर सुरू होण्याच्या क्षणीं आपल्या नेहमींच्या भुकेच्या तीनपासून सहापट वीज मागते. म्हणून त्या क्षणीं हा आंकडा चौदाशेंपर्यंत चढूं शकतो. यंत्राच्या पाटीवर दोन आंकडे असतात, एक क्षणभराच्या कमाल शक्तीचा व दुसरा अखंड शक्तीचा. दुकानदार पहिला आंकडा मोठ्यानें सांगतो. गिऱ्हाइकानें दुसरा वाचावा. किलोव्होल्ट-अँपिअर आणि किलोवॉट हेही एक नव्हेत, हें ध्यानांत ठेवावें. शिवाय समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांस इंजिनाची शक्ति सुमारें साडेतीन टक्के घटते. मुंबईस जें जनित्र पुरेसें वाटलें तें महाबळेश्वरच्या बंगल्यांत जवळजवळ सातवा हिस्सा लंगडें पडतें.

याच घरांत अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप असला तर काय? चालतांना तो सहाशें वॉट घेतो. सुरू होतांना मात्र अडीच-तीन हजारांच्या घरांत जातो. एवढ्या एका क्षणासाठीं दुप्पट जनित्र घेणारे पुष्कळ आढळतात. मग तें मोठें यंत्र उरलेला सारा वेळ चार पंखे फिरवीत बसतें. चौथाई भारावर चालणारें इंजिन कांहीं चौथाई इंधनावर चालत नाहीं. वीज असतांनाच गच्चीवरची टांकी भरून ठेवली तर पंपाचा प्रश्न उरत नाहीं. केटरिंगच्या कांचेच्या भांड्यांचें काम येथें पाण्याची टांकी करते. रात्रींच्या दिव्यापंख्यांस बॅटरीवरचा इन्व्हर्टर पुरतो, आणि जनित्र दिवसा तासदोनतास भरपूर भारावर चालवून ती बॅटरी भरून घेतां येते. बहुतेक मराठी घरांत जिन्याखालीं किंवा माळ्याजवळ अशी गंधकाम्लाची पेटी आधींच येऊन बसलेली आहे.

आवाजाचा प्रश्न ब्राउनबाईंच्या काळापासून तसाच आहे. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची. साध्या दोन ध्रुवांच्या जनित्रास त्यासाठीं मिनिटास तीन हजार फेरे घ्यावेच लागतात, मग भार एका दिव्याचा असो वा दहांचा. १९९० नंतरच्या दशकांत निघालेल्या इन्व्हर्टर जातीच्या जनित्रांत प्रथम तयार होणारी वीज इलेक्ट्रॉनिक मंडलांतून पुन्हां घडविली जाते, म्हणून इंजिनास भाराप्रमाणें हळू चालण्याची मोकळीक असते. तीं शांत असतात, आणि महागही असतात. चाळींत किंवा सोसायटींत राहणारानें तो जादा पैसा शेजारधर्माच्या खातीं मांडण्यास हरकत नाहीं.

परंतु धुराच्या बाबतींत अशी तडजोड नाहीं. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं; रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट बांधला जातो. माणसास झोंप येते आणि तो उठत नाहीं. अमेरिकेंत दर मोठ्या वादळानंतर वारा-पाण्यांतून वांचलेलीं माणसें या धुरानें दगावल्याच्या वार्ता येतात. २०२० च्या ऑगस्टमध्यें लुइझियाना राज्यांत लॉरा वादळानंतर अशीं अनेक माणसें गेलीं. २००७ पासून त्या देशांत प्रत्येक जनित्रावर धोक्याची ठळक पाटी कायद्यानें सक्तीची आहे. हा वायु घातक पातळीस पोंचला कीं आपोआप बंद पडणारीं यंत्रेंही आतां मिळतात. तरी घरापासून वीस फुटांवर, उघड्यावर, आणि धुराचें तोंड खिडक्यांच्या विरुद्ध दिशेस, हा नियम सोडून चालत नाहीं. बंद सज्जा म्हणजे उघडी जागा नव्हे. जिन्याखालची मोकळी जागा तर नव्हेच. ज्याच्यापाशीं अशी उघडी जागा नाहीं त्यानें बॅटरीवरच समाधान मानावें.

दुसरा धोका घरांतल्या माणसास दिसत नाहीं, कारण तो बाहेरच्या माणसास असतो. जनित्राची तार भिंतींतील एखाद्या सॉकेटमध्यें खुपसून सारें घर उजळण्याची युक्ति सर्रास सांगितली जाते. तसें केल्यास वीज मीटरांतून उलट बाहेर पडते. रस्त्यावरचें रोहित्र अकरा हजार व्होल्ट उतरवून घरास देतें; उलट बाजूनें आलेली वीज तें तितकीच चढवून देतें. पाऊस थांबल्यावर खांबावर चढलेला लाईनमन ती तार मेलेली समजून हातांत धरतो. चेंजओव्हर स्विच बसविला म्हणजे घर एका वेळीं एकाच वाटेस, महावितरणाच्या किंवा जनित्राच्या, जोडलें जातें. जनित्राच्या किमतीपुढें त्याची किंमत किरकोळ असते.

यंत्र घरीं आलें म्हणजे त्यास रुळवावयाचें असतें. नव्या खोंडास एकदम नांगरास जुंपीत नाहींत, आणि नुसतें गोठ्यांत बांधूनही ठेवीत नाहींत. जूं अंगवळणीं पडेपर्यंत त्याच्याकडून बेताबेतानें काम घेतात. नव्या इंजिनाच्या सिलिंडरच्या आंतील भिंतीवर मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेघा ओढलेल्या असतात. दट्ट्याभोंवतालच्या रिंगा त्या रेघांवर घांसून भिंतीशीं बेमालूम जुळल्या पाहिजेत. त्यांस भिंतीवर दाबून धरतो तो जळत्या वायूचा दाब, आणि तो दाब भारावांचून येत नाहीं. म्हणून ‘नवें आहे, जपून वापरूं’ अशा समजुतीनें जनित्र तासन्‌तास रिकामें चालवणारा मनुष्य त्याचें नुकसानच करतो. रिंगा बसत नाहींत, तेल वर चढून जळतें, भिंतीवर त्याचा गुळगुळीत लेप बसतो, आणि इंजिन जन्मभर तेल पीत राहतें. मोटारीस वेग कमीजास्त करून रुळवितां येतें. साध्या जनित्राचा वेग बांधलेला, तेव्हां येथें भारच कमीजास्त करावयाचा. पहिलीं कांहीं मिनिटें रिकामें, मग अर्धा भार, मग पाऊण, पुन्हां थोडा कमी. पूर्ण भारावर मात्र पहिल्या कांहीं तासांत फार वेळ ठेवूं नये.

त्याआधीं एक साधी गोष्ट पाहावी. कारखान्यांतून येणाऱ्या पुष्कळशा लहान जनित्रांत तेल भरलेलें नसतें. खोकें उघडून पेट्रोल ओतलें आणि दोरी ओढली, कीं कोरडें इंजिन कांहीं मिनिटांत जाम होतें. लहान इंजिनांत बहुधा तेलाचा पंपही नसतो. फिरत्या दांड्याचें एक टोंक खालचें तेल उडवून सर्वत्र शिंपडतें. म्हणून जनित्र सपाट जागींच ठेवावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं सुरू करण्यापूर्वीं तेलाची पातळी पाहावी लागते.

साधारण वीस तास चालल्यावर पहिलें तेल काढून टाकावयाचें असतें. तें इंजिन गरम असतांनाच काढावें, म्हणजे तळाचा गाळ त्याच्याबरोबर निघतो. हें तेल पांढऱ्या बशींत घेऊन उन्हांत धरलें तर त्यांत धातूचे बारीक कण चमकतांना दिसतात. रिंगा आणि भिंत यांच्या घसटींतून झडलेले तेच. दुसऱ्या खेपेच्या तेलांत ते बरेच कमी दिसावयास हवेत. तसें दिसलें तर यंत्र रुळलें. त्यानंतर दर महिन्यास एकदां पंधरावीस मिनिटें भारावर तें चालवावें. आणि पावसाळा संपल्यावर बराच काळ त्याची गरज पडणार नसेल, तर टांकींतील व कार्ब्युरेटरमधील पेट्रोल काढून टाकावें. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो, आणि मग ज्या रात्रीं वीज जाते त्याच रात्रीं दोरी कितीही ओढली तरी इंजिन दाद देत नाहीं.